ओसाड घराचा दंड कोण भरतो?

गल्लीत एखादे घर वर्षानुवर्षे बंद पडले की काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. आधी छप्पर गळते, मग भिंतीत पाणी मुरते, मग कोणीतरी दारे-खिडक्या काढून नेतो. रात्री तिथे जुगाराचा अड्डा बसतो आणि लेकीबाळी ती वाट टाळू लागतात. मालक दूर कुठेतरी सुखात असतो. भोगावे लागते ते शेजाऱ्यांना. अशा मालकाला शहराने वठणीवर आणावे तरी कसे? अमेरिकेतील बाल्टिमोर शहर या प्रश्नाशी अनेक वर्षे झगडत आहे. त्याची हकिकत आपणही ऐकण्यासारखी आहे.

बाल्टिमोर हे बंदराचे आणि पोलादाचे, म्हणजेच कामगारांचे शहर. १९५० साली तिथली लोकसंख्या साडेनऊ लाख होती. २०२० च्या जनगणनेत ती सहा लाखांच्याही खाली आली. कारखाने गेले, रोजगार गेला, माणसे गेली आणि घरे मागे राहिली. पण ती सगळीकडे सारखी ओसाड पडली नाहीत. काळ्या लोकांनी कोणत्या गल्लीत राहायचे, हे ठरवणारा कायदा याच शहराने १९१० साली केला होता. १९१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने असे कायदे मोडीत निघाले. पण १९३० नंतरच्या दशकात सरकारी नकाशांवर त्यांच्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या गेल्या आणि तिथे घरासाठी कर्ज मिळणे दुरापास्त झाले. कर्ज नाही तर दुरुस्ती कुठून होणार? पुढे ओसाड घरांची गर्दी झाली ती बहुतेक अशाच वस्त्यांत.

तिथली घरे एकमेकांना चिकटून, आपल्या चाळीतल्या खोल्यांसारखी. दोन घरांत एकच भिंत. एक घर कुजले की ओल, उंदीर आणि आग शेजारच्या घरात शिरते. जानेवारी २०२२ मध्ये अशाच एका रिकाम्या घराला आग लागली. विझवायला गेलेल्या जवानांवर घर कोसळले आणि तिघे मृत्युमुखी पडले. याच घरात २०१५ सालीही आग लागून तीन जवान जखमी झाले होते. म्हणजे धोका सर्वांना माहीत होता. तरी घर सात वर्षे तसेच उभे राहिले. त्या वेळी शहरात अशी सुमारे पंधरा हजार घरे होती.

मग शहराने काही केलेच नाही का? केले. घर ओसाड असल्याची नोटीस लावायची आणि दुरुस्ती झाली नाही तर ९०० डॉलर दंड करायचा. पण मालक सापडला तर दंड! कोणी मेलेला, कोणी परगावी, कोणी नुसत्या कंपनीच्या नावाआड लपलेला. म्हणून २०१० पासून शहराने दुसऱ्या उपायावर जोर दिला. मालक हलत नसेल तर न्यायालयात जायचे. न्यायालय एक विश्वस्त नेमते, तो घराचा लिलाव करतो आणि घेणाऱ्याला ठरल्या मुदतीत दुरुस्ती करावीच लागते. थकलेल्या कराचा बोजा घराच्या किमतीहून जास्त झाला असेल, तर ते ओसाड घरच न्यायालयामार्फत ताब्यात घेण्याची वाट २०१९ च्या कायद्याने मोकळी झाली.

जवळच्या फिलाडेल्फियाने २०११ पासून आणखी एक युक्ती वापरली. नांदत्या गल्लीतील रिकाम्या घराला खरी दारे-खिडक्या बसवलीच पाहिजेत. नुसत्या फळ्या ठोकून चालणार नाही. नाही बसवल्या, तर प्रत्येक उघड्या भगदाडामागे दिवसाला ३०० डॉलरपर्यंत दंड. हिशेब करून पाहा. दहा भगदाडे असली तर एका दिवसाचे तीन हजार! ज्या मालकांनी दारे-खिडक्या बसवल्या, त्यांच्या घरांभोवती पुढे गोळीबाराचे प्रकार कमी झाल्याचे २०१५ साली अभ्यासकांनी दाखवून दिले.

पण आम्हाला इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. जाणूनबुजून घर कुजवणारा वेगळा आणि पैशाअभावी छप्पर शाकारू न शकणारा वेगळा. जमिनीचा भाव वाढायची वाट पाहणाऱ्या धनिकाला आणि आईच्या पश्चात मोडके घर वाट्याला आलेल्या मजुराला एकच दंड लावला, तर धनिक तो भरून मोकळा होतो आणि मजुराचे घर लिलावात जाते. फिलाडेल्फियात कित्येक गरीब कुटुंबे आजी-आजोबांच्या नावावरील घरात राहतात. कागद त्यांच्या नावावर नाहीत, म्हणून दुरुस्तीची सरकारी मदतही त्यांना मिळणे अवघड होते. घर आधी गळते, मग सुटते आणि शेवटी ओसाड घरांच्या यादीत जाते. दंडाआधी अशा कुटुंबाच्या हाती मदत पडली पाहिजे. ती मिळूनही जो हलत नाही, त्याला मुळीच सोडू नये.

आपल्यापुरता धडा साधा आहे. वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावरचे घर असेल, तर वारसनोंदीचे काम पुढच्या पिढीवर ढकलू नका. भावाबहिणींनी एकत्र बसून या महिन्यातच कागद काढून पाहा. आणि वस्तीत पडायला आलेले रिकामे घर असेल, तर नगरपालिकेला एकट्याने नव्हे, दहा घरांच्या सह्यांनिशी लेखी अर्ज द्या व त्याची पोच जपून ठेवा. बाल्टिमोरच्या त्या घराने सात वर्षे आधी इशारा दिला होता. आपल्या गल्लीतील घराचा इशारा आपण वेळीच ऐकला पाहिजे.