उजवीकडची खुर्ची

ऑर्केस्ट्रा म्हटलं, की आपल्याला गणेशोत्सवात चौकात होणारा हिंदी गाण्यांचा कार्यक्रम आठवतो. युरोपातला ऑर्केस्ट्रा म्हणजे निराळं प्रकरण. सत्तर-ऐंशी वादक, प्रत्येकापुढे लिहिलेले सूर आणि मधोमध चौथऱ्यावर हातात बारीक काडी घेऊन उभा एक माणूस. तो कंडक्टर. (आपल्या एसटीतला नव्हे!) गंमत अशी, की अख्ख्या मंचावर एकही सूर न वाजवणारा तोच आणि सगळे ऐकतात तेही त्याचंच. आपले मुंबईचे झुबिन मेहता याच कामासाठी जगभर नावाजले गेले. तेही डॉक्टरकीची वाट सोडून १९५४ मध्ये व्हिएन्नाला गेले होते.

पण आज सांगायचंय ते डॅनियल हार्डिंग यांच्याबद्दल. जन्म १९७५ चा, इंग्लंडमधला. शाळेत ट्रम्पेट वाजवणारा हा मुलगा १९९६ मध्ये, जेमतेम एकविसाव्या वर्षी, बर्लिन फिलहार्मोनिकसारख्या दिग्गज वाद्यवृंदापुढे उभा राहिला. पुढे स्वीडन, पॅरिस, जपान. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये तो भीषण भूकंप झाला, त्या संध्याकाळी टोकियोत त्यांचा कार्यक्रम ठरलेला होता. मोठं सभागृह, आले शंभरेक श्रोते. तरीही त्यांनी आणि वादकांनी मालरची पाचवी सिंफनी पूर्ण वाजवली.

अशा नामवंत माणसाने चाळिशीत काय करावं? विमान शिकले आणि एअर फ्रान्समध्ये चक्क वैमानिक म्हणून लागले! पॅरिसच्या वाद्यवृंदाचं मानाचं पद त्यांनी २०१९ मध्ये सोडलं होतं.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त आवडली ती खुर्ची. नवा वैमानिक सहवैमानिक म्हणून उजवीकडे बसतो. डावीकडे कॅप्टन, शेवटचा शब्द त्याचा. शिवाय दर सहा महिन्यांनी परीक्षा. ज्याच्या काडीच्या इशाऱ्यावर ऐंशी माणसं श्वास घ्यायची, त्याने निमूटपणे दुसऱ्याच्या शेजारी बसून शिकायचं. हुशारीपेक्षा याला जिगर जास्त लागते.

आता आपल्याकडे बघा. बाईला व्यवसाय बदलणं काही नवं नाही. लग्न झालं, गाव बदललं, की शिक्षिका शिवणकाम करू लागते, नर्स पाळणाघर चालवते. त्याला कुणी ‘करिअर बदललं’ म्हणत नाही, ‘ॲडजस्ट केलं’ म्हणतात. तीच बाई स्वतःच्या हौसेने काही नवं शिकते म्हणाली, की लगेच ‘आता या वयात?’ सुरू. सरकारी नोकरीला वयाची अट आडवी येते, हे खरं. पण शिकायला कुठे येते? नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून याचसाठी तर आहे.

एक फरक मात्र कबूल करायला हवा. हार्डिंग यांचं मागचं दार उघडं होतं. संगीत त्यांनी सोडलं नाही, २०२४ पासून रोमच्या सांता सेचिलिया वाद्यवृंदाची धुराही घेतली. आपल्या बाईला घरातली जबाबदारी खाली न ठेवताच दुसरी उचलावी लागते. म्हणून ‘मनात आणलं तर काहीही जमतं’ वगैरे भाषणं मला पटत नाहीत. नुसत्या मनाने भागत नाही, घराने वर्षभर तिचं नवखेपण सोसावं लागतं.

माझ्या ओळखीच्या एका बाईंनी वीस वर्षं बालवाडी चालवली आणि त्रेचाळिसाव्या वर्षी टॅलीचा क्लास लावला. शिकवणारा मुलगा निघाला त्यांच्याच बालवाडीतला! त्याला ‘अहो सर’ म्हणावं की ‘अरे’, हेच त्यांना आठ दिवस सुचेना. शेवटी तोच म्हणाला, ‘‘बाई, अरेच म्हणा. पण एंट्री चुकली तर मी बोलणार हं!’’ आज त्या एका करसल्लागाराकडे हिशेब बघतात. मार्चमध्ये रात्रीचे आठ वाजतात. त्या दिवसांत कुकर कोण लावणार, यावर घरात अजून चर्चाच चालू आहे.