खाल्लेले अंगी का लागत नाही?

दूध, गूळ आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या कोल्हापुरात ताटात काही कमी नसलेल्या घरातही एखादी व्यक्ती कायम फिकट, थकलेली आणि हाडकुळी दिसते. ‘खातो भरपूर, पण अंगी लागत नाही,’ असे घरचे म्हणतात आणि टॉनिकची बाटली आणतात. ही तक्रार एवढ्यावर मिटवण्यासारखी नाही. पोटात गेलेले अन्न आणि रक्तात पोचलेले पोषण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अन्नातील बहुतेक पोषक द्रव्ये लहान आतड्यात शोषली जातात. त्याच्या आतल्या अस्तरावर बोटांसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. लोह मुख्यतः आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जाते, तर ब-१२ जीवनसत्त्व अगदी शेवटच्या भागात, तेही जठरातून स्रवणाऱ्या एका प्रथिनाच्या मदतीने. स्निग्ध पदार्थ पचायला यकृताचे पित्त आणि स्वादुपिंडाचा रस लागतो. म्हणूनच कमतरता कशाची आहे, यावरून बिघाड कुठे असावा याचा अंदाज बांधता येतो.

कारणे अनेक आहेत. गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्याच्या अस्तराची हानी करणारा सिलिअॅक आजार, आतड्याचा क्षय, क्रोन्स आजार, जिआर्डियासारखे परजीवी, स्वादुपिंडाचा जुनाट दाह ही त्यांतली काही. दूषित पाण्यातून वारंवार होणारे संसर्गही अस्तराची झीज करतात. मधुमेहावरील मेटफॉर्मिन आणि आम्लपित्ताच्या काही गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्यास ब-१२ कमी पडू शकते. मात्र त्या धास्तीने औषध परस्पर बंद करू नये; डॉक्टरांना विचारून ब-१२ची पातळी तपासून घ्यावी.

हा प्रश्न मोजक्या रुग्णांपुरता नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक महिलांना रक्तक्षय आहे. त्यांपैकी बहुतेकींच्या बाबतीत अपुरा आहार किंवा मासिक पाळीतील रक्तस्राव हेच कारण असते आणि लोहाच्या गोळ्यांनी गुण येतो. २०१८ पासून ‘अॅनिमियामुक्त भारत’ मोहिमेतून त्या वाटल्याही जातात. पण गोळ्या नेमाने घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर ‘गोळ्या खाल्ल्या नसतील’ असा ठपका बाईवर ठेवला जातो. गोळी चहाबरोबर घेतली जाते का, रक्तस्राव कुठे होतो का, हे आधी विचारावे. त्यानंतरही उत्तर मिळाले नाही, तर आतड्याकडे पाहायला हवे. तीच गोळी आणखी तीन महिने लिहून देणे हा उपचार नव्हे.

निदानाची सुरुवात महागड्या तपासण्यांनी होत नाही. वजन घटते आहे का, शौच फिकट, तेलकट, दुर्गंधीयुक्त आणि पाण्यावर तरंगणारे आहे का, जुलाब किती दिवसांपासून आहेत, हे प्रश्न पहिले. मग रक्तातील लोह, ब-१२, फॉलिक अॅसिड, अल्ब्युमिन आणि शौचाची तपासणी. सिलिअॅकची शंका असल्यास टीटीजी ही रक्तचाचणी करतात. गरज पडल्यास एन्डोस्कोपी करून आतड्याच्या अस्तराचा बारीक तुकडा तपासतात. क्षय आणि क्रोन्स यांची लक्षणे इतकी सारखी असतात, की नीट छडा न लावता औषधे सुरू केल्यास रुग्णाचे नुकसान होते.

इथेच अलीकडची एक सवय आड येते. कुणाचे तरी ऐकून लोक तपासणीआधीच गव्हाची चपाती बंद करतात. गहू बंद असताना केलेली सिलिअॅकची तपासणी खोटा दिलासा देऊ शकते. दुधाचेही तसेच. दूध प्यायल्यावर पोट फुगत असेल, तर त्यातील साखर पचत नसण्याची शक्यता असते. पण तशा अनेकांना दही-ताक चालते. दूधदुभते एकदम तोडल्यास चांगल्या प्रथिनांना आणि कॅल्शियमला मुकावे लागते.

चार आठवड्यांहून जास्त चाललेले जुलाब, आपोआप घटणारे वजन, मुलाची खुंटलेली उंची किंवा पुन्हा पुन्हा परतणारा रक्तक्षय यांपैकी काहीही दिसले, तर टॉनिक बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. आणि डॉक्टरांनीही ‘काय खाता?’ एवढ्यावर न थांबता, खाल्लेले रक्तात पोचते का, याचा शोध घ्यावा.