हप्त्यांचे सुख आणि पगाराची शाश्वती

घरात नवा फ्रिज आला की त्याला हळदकुंकू लावावयाचे आणि शेजारी चार घरी पेढे पाठवावयाचे, ही रीत मध्यमवर्गात अद्याप टिकून आहे. हा आनंद पाहून ‘चंगळवाद’ म्हणून नाक मुरडणारे आपल्याकडे थोडे नाहीत. त्यांच्या स्वतःच्या घरी तीच वस्तू वीस वर्षांपूर्वी आलेली असते, एवढेच! बजाज स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या पिढीला तरी ही थट्टा शोभत नाही. वॉशिंग मशीनने गृहिणीचे रोजचे कष्ट वाचविले, तर त्याला चैन कसे म्हणावयाचे?

उत्पन्न वाढते तसा अन्नावरील खर्चाचा वाटा घटतो, हा नियम एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये मांडला. त्याचा पडताळा आपल्याकडेही येत आहे. १९९९-२००० मध्ये ग्रामीण कुटुंबाच्या खर्चात अन्नाचा वाटा सुमारे ५९ टक्के होता. २०२२-२३ च्या पाहणीत तो ४६ वर आला. शहरांत तो ४८ वरून ३९ वर उतरला. पोटाची चिंता काहीशी हलकी झाली, ही आनंदाचीच गोष्ट होय.

तथापि, नव्या वस्तू केवळ या शिलकेतून येत नाहीत. २०२२-२३ मध्ये कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ५ टक्क्यांपर्यंत घसरली. यातील काही पैसा घरांत गुंतला हे मान्य केले, तरी कर्जे वाढली हेही तितकेच खरे. पूर्वी भिशी किंवा पतपेढीत पैसे साठवून वस्तू घेतली जाई. आता वस्तू आधी येते. ‘बिनव्याजी’ हप्त्याची पाटी तर प्रत्येक दुकानात झळकते. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सुनावले होते. व्याज कधी प्रक्रिया शुल्कात दडते, कधी न मिळालेल्या सवलतीत.

परंतु हप्ता हे मुळात पाप नव्हे. ठरल्या तारखेला पगार होणाऱ्या कारकुनाला तो सोयीचाच आहे. अडचण त्याच्या मुलाची आहे. तो तासिका तत्त्वावर महाविद्यालयात शिकवितो. सुटीत तास नाहीत, म्हणून मानधन नाही, आणि झालेल्या तासांचे मानधनही महिनोन्‌महिने अडकून पडते. शिक्षणसेवकांची स्थिती फारशी निराळी नाही. प्राथमिक शाळेत त्यांना २०२२ अखेरपर्यंत मासिक ६ हजार रुपये मिळत. २०२३ पासून १६ हजार झाले. जाहिरातीतले सुख या तरुणांनाही हवेच असते, आणि ते हवे असण्यात गैर काहीच नाही. मात्र पगार थांबला तरी हप्ता थांबत नाही, आणि एक हप्ता चुकला की दंडही भरावा लागतो.

दुकानदाराने रोख किंमत आणि हप्त्यांची एकूण किंमत पावतीवर शेजारी शेजारी छापावी, अशी सक्ती करणे सरकारला अवघड नाही. महाविद्यालयांतील रिक्त जागा कायमस्वरूपी भरणे हे त्याहून खर्चाचे काम आहे, आणि नेमके तेच वर्षानुवर्षे लांबणीवर पडत आहे.