टोपी काढण्याचा अधिकार

मेंदूत चिप बसवलेला एक अमेरिकन तरुण केवळ विचाराने संगणकावर बुद्धिबळ खेळतो आहे, ही चित्रफीत मार्च २०२४ मध्ये जगभर फिरली. खांद्याखालचे शरीर लुळे पडलेल्या त्या माणसाला यंत्राने हात दिला, याचा आनंद कोणालाही व्हावा. तेव्हापासून माणूस आणि यंत्र यांच्या सहकार्याचा मोठा गाजावाजा सुरू आहे. आम्ही वकील आहोत, मेंदूतज्ज्ञ नाही. पण 'सहकार्य' हा शब्द कागदावर आला की दोन्ही पक्षांना सोडून जाण्याचा सारखा हक्क आहे काय, हे आधी पाहण्याची सवय वकिलीने आम्हाला लावली आहे.

या शास्त्राचा इतिहास थोडा सांगितला पाहिजे. डोळ्यांसमोरून भराभर चित्रे जात असताना आपल्या कामाचे काही दिसले, की सुमारे तीनशे मिलिसेकंदांनी मेंदूत विजेची एक लहर उमटते. तिला पी-३०० म्हणतात. फारवेल आणि डॉन्चिन या अमेरिकन संशोधकांनी १९८८ मध्ये तिचा मोठा माणुसकीचा उपयोग दाखवला. पडद्यावर सहा ओळी व सहा रकान्यांत अक्षरे मांडायची आणि ओळी-रकाने आलटून पालटून चमकवायचे. हवे ते अक्षर चमकले की पाहणाऱ्याच्या मेंदूत लहर उमटते, डोक्यावरच्या टोपीतील तारा ती टिपतात आणि संगणक अक्षर लिहितो. ज्याची वाचा गेली, हातपाय गेले, त्याला पुन्हा शब्द मिळण्याची वाट मोकळी झाली.

हीच लहर पुढे अमेरिकी लष्कराने उचलली. तेथील संरक्षण संशोधन संस्था डार्पा हिने २०१२ मध्ये एका यंत्रणेच्या चाचण्यांचे निकाल जाहीर केले. १२ कोटी पिक्सेलचा कॅमेरा दूरवरचा परिसर टिपतो, संगणक त्यातले संशयास्पद तुकडे निवडतो आणि टोपी घातलेल्या सैनिकासमोरच्या पडद्यावर ते झरझर दाखवतो. सैनिकाने बटण दाबायचे नाही, बोलायचेही नाही. त्याचा मेंदू कोणत्या चित्रावर थबकला, ते यंत्र परस्पर ओळखते. संगणक एकटा असताना तासाला ८१० खोट्या सूचना येत होत्या. सैनिकाचा मेंदू जोडल्यावर त्या पाचवर आल्या! यंत्राला न जमणारे काम माणसाने केले, हे खरे. पण आमच्या मते इथे माणूस भागीदार राहिला नाही, तो सुटा भाग झाला. त्याच्याकडून मत मागितलेच नाही. मत बनण्याआधीचा इशारा तेवढा काढून घेतला.

आता तिसरी खुर्ची पाहा. तिच्यावर आरोपी बसलेला आहे. वर ज्यांचे नाव आले त्याच फारवेल यांनी ही लहर गुन्हे तपासात नेली. गुन्ह्याशी संबंधित वस्तू दाखवायची. लहर उमटली तर याला माहिती आहे, असे समजायचे. आपल्याकडच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळांतही 'ब्रेन मॅपिंग' सुरू झाले. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात शिक्षा देताना मेंदूच्या अशाच, थोड्या वेगळ्या पद्धतीच्या चाचणीचा आधार घेतला, तेव्हा जगभरच्या शास्त्रज्ञांच्या भुवया उंचावल्या होत्या.

या वाटेला बांध घातला तो सर्वोच्च न्यायालयाने, ५ मे २०१० च्या सेल्वी खटल्यातील निकालाने. सरन्यायाधीश होते के. जी. बालकृष्णन, आपल्या समाजघटकांतून त्या पदावर पोहोचलेले पहिले गृहस्थ. घटनेच्या कलम २० (३) प्रमाणे कोणाही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येत नाही. मेंदूतून काढलेली माहिती हीसुद्धा साक्षच आहे, म्हणून जबरदस्तीने ही चाचणी करता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. संमतीने मात्र करता येते. आणि कोठडीत संमतीची सही कशी होते, हे फौजदारी काम करणाऱ्या वकिलाला कोणी शिकवायला नको.

पण सेल्वीचा बांध पोलीस ठाण्याच्या दारापुरता आहे. कारखान्याच्या दाराचे काय? चीनमधील काही उद्योगांत कामगारांच्या टोप्यांत मेंदूच्या लहरी टिपणारे संवेदक बसवल्याचे वृत्त २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे अजून एवढी मजल गेलेली नाही, पण मनगटापर्यंत ती आली आहे. नागपूर आणि चंदीगडमध्ये सफाई कामगारांच्या हातांवर जीपीएस घड्याळे बांधली गेली आणि काढले तर पगार कापतात, अशा तक्रारी कामगारांनी केल्या. ती घड्याळे अधिकाऱ्यांच्या हातावर नव्हती. झाडू कोणाच्या हातात असतो आणि घड्याळ कोणाच्या हातावर बांधले जाते, हे या पानाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याकडून आम्हाला आशा होती. त्यातील कलम ७ वाचून ती मावळली. नोकरीच्या कारणासाठी किंवा मालकाचे नुकसान टाळण्यासाठी कामगाराची माहिती त्याच्या संमतीवाचून वापरता येईल, अशी मुभा तिथे आहे. संवेदनशील माहितीचा वेगळा वर्गच या कायद्यात नाही. म्हणजे मोबाईल नंबर आणि मेंदूची लहर एकाच तागडीत! चिली या देशाने २०२१ मध्ये मेंदूच्या माहितीचे संरक्षण थेट राज्यघटनेत घातले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका अमेरिकी कंपनीला ग्राहकाच्या मेंदूची साठवलेली माहिती पुसून टाकायला लावली.

यंत्राला विरोध करा, असे आम्ही म्हणणार नाही. १९४५ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी गांधीवादाचा यंत्रविरोध खोडून काढला. यंत्रामुळे श्रमणाऱ्या माणसाला फुरसत मिळू शकते. दोष यंत्रात नसून त्याचा लाभ मूठभरांच्या पदरात टाकणाऱ्या समाजरचनेत आहे, ही त्यांची मांडणी. अंगावरचे यंत्र कामगाराला पगार न गमावता उतरवता आले पाहिजे आणि त्याने काय टिपले ते त्याला पाहता व पुसता आले पाहिजे, हे त्याच मांडणीतून निघते.

या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू करण्याचे ठरले. आपल्या कामगार संघटनांच्या मागणीपत्रांत पगार, बोनस, वारसा हक्क असतात. पुढच्या वेतन कराराच्या मसुद्यात वरच्या दोन ओळी घालायला किती वेळ लागेल? मसुदा लिहून द्यायला आम्ही तयार आहोत, फी न घेता.