दमेकऱ्याची रात्र

कोजागरीच्या चांदण्यात गच्चीगच्चीवर आटीव दुधाचे पेले फिरतात, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याच रात्री महाराष्ट्रात ठिकठिकाणी, एखाद्या मठात, देवळाच्या आवारात किंवा वैद्याच्या अंगणात, दुसरी एक पंगत बसते. चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून तेथे दमेकऱ्यांना औषध देतात आणि पहाटेपर्यंत जागे राहण्याचे पथ्य सांगतात. मृगाच्या आरंभी हैदराबादेत जिवंत माशाच्या तोंडात घातलेले औषध गिळण्यासाठी देशभरातून माणसे जातात, तीही याच जातीची. या पंगतींची थट्टा करणे सोपे आहे आणि सुशिक्षित मंडळी ती करीतच आली आहेत. आम्हांस ती करवत नाही. ज्याला जागरणाचे पथ्य सांगावयाचे तो मनुष्य वर्षातील कितीतरी रात्री औषधावाचूनही जागाच असतो. मग वर्षातून एक रात्र आशेने जागला तर त्यात हसण्यासारखे काय आहे? आम्हांस खंत वाटते ती निराळ्याच गोष्टीची. वर्षातून एकदा घ्यावयाच्या औषधावर या समाजाचा जितका विश्वास आहे, तितका रोज घ्यावयाच्या औषधावर नाही. आणि तो केवळ अडाण्यांचा नाही असे नव्हे; ज्यांच्या हाती आरोग्यव्यवस्थेची सूत्रे आहेत त्यांचाही नाही.

यावल तालुक्याचेच उदाहरण घेऊ. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी आणि मध्ये केळीचा हिरवा पट्टा. रस्त्याने जाणाऱ्यास वाटावे की येथील हवेइतकी निर्मळ हवा दुसरीकडे नसेल. परंतु दमेकऱ्याचे पंचांग वेगळे असते. पावसाळा संपता संपता बांधोबांधी गाजरगवत फुलते. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेस आलेले हे गवत आज कोणत्या शिवारात नाही? (लोक त्याला काँग्रेस गवत म्हणतात. १९३६ सालचे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन ज्या फैजपुरास भरले ते याच तालुक्यातले. त्या गावाच्या शिवारातही हे नाव सर्रास चालावे, ही इतिहासाची एक गंमत आहे.) मग कापसाची वेचणी, मक्याची मळणी, हिवाळ्यातील पहाटेचा गारठा, चुलीत पेटलेल्या पऱ्हाट्यांचा धूर, फाल्गुनाच्या सुमारास दादर ज्वारीच्या खळ्यावरील भुसा, आणि त्यानंतर धुळीने भरलेला तो आमचा खानदेशी उन्हाळा. पलीकडे भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या राखेविषयीच्या तक्रारीही जुन्याच आहेत. त्यांचा निवाडा झाला पाहिजे, पण आजचा आमचा विषय तो नव्हे. कारणे शोधण्यात गुंतून उपचार विसरण्याची एक सोयीची युक्ती असते. ती आम्ही टाळू इच्छितो.

दमा हा जीवघेण्या झटक्याचा रोग आहे, अशी आपली समजूत आहे. वस्तुतः तो रोजचा रोग आहे. श्वासनलिकांच्या आतील अस्तरास सूज असते. ती बरे वाटत असतानाही असते. धूर, धूळ, थंडी, सर्दी, यांपैकी एखादे निमित्त मिळाले की नलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात, वाट अरुंद होते आणि आत गेलेला श्वास बाहेर येईनासा होतो. बहुधा हे रात्रीच्या उत्तरार्धात घडते. दमेकरी आडवा पडला की अधिक गुदमरतो आणि उठून बसला की त्यास थोडा आराम वाटतो, हे चरकसंहितेत तमकश्वासाच्या वर्णनात नोंदलेले आहे. ढगाळ हवा, पाऊस आणि थंडी यांनी हा श्वास वाढतो, हेही तेथे आहे. इतक्या शतकांनंतरही यावलच्या एखाद्या घरात पहाटे तीनला जाल तर तो मनुष्य त्याच आसनात, गुडघ्यांवर हात टेकून बसलेला दिसेल.

आणि उजाडल्यावर? केळीच्या बागेत घड कापून ते वाहून नेणे हे जोडीने आणि टोळीने करावयाचे काम. रात्रभर बसून काढलेला मजूर दोन खेपांत थांबतो, टोळीचा हिशेब चुकतो आणि पुढच्या आठवड्यात मुकादम त्याला वगळून दुसरा गडी घेतो. कापूस वेचणाऱ्या बाईची मजुरी तर किलोवर ठरते; तिच्या धापेचा खर्च तिच्याच तराजूत पडतो. स्वयंपाक मात्र दोघींतल्या कोणाला तरी करावाच लागतो, सासूला नाही तर सुनेला, आणि चूल धुरावाचून पेटत नाही. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गॅसची शेगडी घरोघर नेली, हे खरे. तथापि सिलिंडर संपल्यावर पऱ्हाट्या फुकटच्या असतात, हेही तितकेच खरे.

येथे आमची स्वतःची एक चूक सांगणे भाग आहे. वृत्तपत्राच्या व्यवसायात येण्यापूर्वी आम्ही याच भागातील एका शाळेत काही वर्षे मराठी शिकवीत होतो. नववीच्या वर्गात एक मुलगा होता. पावसाळ्यात आणि थंडीत तो आठवड्यातून दोन दिवस गैरहजर राही. आला तरी पहिल्या तासाला डोळे मिटे. कवायतीस उभा राहिला की रांगेबाहेर बसून घेई. चिठ्ठीवर कारण नेहमी एकच, ‘ताप’. आम्ही त्याच्या प्रगतिपुस्तकावर ‘अनियमित व आळशी’ असा शेरा मारला आणि तो सुंदर अक्षरात मारला. चार दिवसांनी त्याची आई शाळेत आली. व्हरांड्यात उभी राहून ती एवढेच म्हणाली, “सर, तो रातभर बसेल असतो. मीबी बसेल असते.” मग चिठ्ठीत दमा असे का लिहिले नाही, या आमच्या प्रश्नावर तिने इकडेतिकडे पाहिले आणि आवाज उतरवून सांगितले की मुलाच्या मोठ्या बहिणीचे स्थळ पाहणे चालू आहे. शेरा आम्ही खोडला, पण तो खोडलेलाही वाचता येत होता. त्या मुलाने दहावीनंतर शिक्षण सोडले. ते दम्यामुळे, गरिबीमुळे की आमच्यासारख्यांच्या शेऱ्यांमुळे, हे आम्हांस आजही निश्चित सांगता येत नाही.

ही लपवाछपवी खेड्यातच चालते असे कोणी समजू नये. आमच्या शहरातील उत्तमोत्तम वसाहतींत लग्नाच्या मुलीचा पंप कपाटात कपड्यांच्या घडीखाली असतो. ‘एकदा पंप लागला की जन्माचा लागला’ हे वाक्य पदवीधरांच्या तोंडून आम्ही जितक्यांदा ऐकले आहे, तितके मजुरांच्या तोंडून ऐकलेले नाही. पंपाची सवय लागते असे म्हणणारा मनुष्य चष्म्याची सवय लागते असे म्हणत नाही. पंपात स्टेरॉइड असते म्हणून घाबरणारे हेच लोक दम उसळला की दवाखान्यात धाव घेतात, दंडात सुई टोचून घेतात, आठ दिवसांच्या गोळ्या आणतात. आणि त्या गोळ्यांत तेच स्टेरॉइड कितीतरी अधिक प्रमाणात असते. फवाऱ्यातील मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, गोळीतील मिलिग्रॅममध्ये. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. फवारा थेट छातीत जातो, म्हणून इतके थोडे पुरते. गावोगावच्या ‘शुद्ध देशी’ पुड्यांचे तर बोलावयासच नको. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडल्याची उदाहरणे देशात वारंवार उघडकीस आली आहेत.

औषध श्वासावाटे घेणे ही परकी तऱ्हा आहे, असाही एक आक्षेप असतो. इतिहास उलटा आहे. दम्यावर धोतऱ्याचा धूर ओढण्याची रीत भारतात होती. ती मद्रासेतील इंग्रज अधिकाऱ्यांनी पाहिली आणि १८०२ च्या सुमारास ब्रिटनमध्ये नेली. पुढे शंभर-सव्वाशे वर्षे युरोपात ‘दम्याच्या सिगारेटी’ विकल्या जात होत्या. धोतरा विषारी असल्यामुळे त्या वाटेस आज कोणी जाऊ नये. सांगावयाचे इतकेच की १९५६ साली निघालेला मोजक्या मात्रेचा पंप हा त्याच कल्पनेचा सुधारलेला वंशज आहे. १९६९ साली साल्ब्युटामॉल आले. ते आवळलेले स्नायू काही तास सैल करते. १९७२ साली श्वासावाटे घ्यावयाचे स्टेरॉइड आले. ते मूळ सूज उतरवते, मात्र रोज घेतले तर. पहिल्या औषधाने रात्र निभावते आणि दुसऱ्याने ती रात्र येतच नाही. केवळ पहिल्यावर विसंबून राहू नये, असे जागतिक तज्ज्ञसमितीने २०१९ पासून स्पष्ट बजावले आहे. आपल्याकडे मात्र निभावण्याचीच रीत रूढ झाली आहे.

या रीतीची किंमत आकड्यांत दिसते. २०१९ च्या जागतिक रोगभार अभ्यासानुसार भारतात दम्याचे सुमारे साडेतीन कोटी रुग्ण आहेत. जगातील दमेकऱ्यांपैकी आपल्याकडे सुमारे तेरा टक्के, परंतु दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक! रोग तोच, औषधेही तीच, आणि त्यांतील बरीचशी भारतातच तयार होतात. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या संशोधकांनी २०११ साली देशभरातील सात हजारांहून अधिक डॉक्टरांकडे एकाच दिवशी आलेल्या दोन लाखांवर रुग्णांची नोंद केली. त्यांतील निम्म्याहून अधिक श्वसनाच्या तक्रारी घेऊन आले होते. म्हणजे रुग्ण डॉक्टरापर्यंत पोचत नाही असे नाही. तो पोचतो, पुन्हा पुन्हा पोचतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका भारतीय पाहणीत मात्र असे दिसले की लक्षणे असलेल्यांपैकी बहुसंख्यांच्या रोगाचे निदानच झालेले नव्हते, आणि ज्यांचा दमा तीव्र होता त्यांच्यातही रोजचा स्टेरॉइडचा फवारा घेणारे दहांत एकही नव्हते.

असे का व्हावे? खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला की थुंकी तपासावी, हे आज खेड्यातील आशा कार्यकर्तीसही ठाऊक आहे. १९६२ पासून चालत आलेल्या क्षयनिवारणाच्या कार्यक्रमाने एवढी शिस्त निश्चित लावली. थुंकीत जंतू सापडले तर रुग्णाचे नाव नोंदवहीत चढते, औषध विनामूल्य मिळते, तो आला नाही तर कोणीतरी त्याच्या घरी जाते. जंतू सापडले नाहीत तर? ‘टी. बी. नाही’ असे आनंदाने सांगून त्यास घरी पाठवितात. तो कोणत्याच वहीत नसतो. क्षय नसलेला, तरीही खोकणारा हा मनुष्य पुढील पंधरवड्यात एखाद्या पहाटे रिक्षातून तापी ओलांडून भुसावळच्या खाजगी दवाखान्यात जातो, वाफ आणि सुई घेतो, दोन दिवसांत बरा होऊन परततो, आणि महिन्याने तीच रिक्षा, तीच वाट. पैसे कधी सावकाराचे, कधी बायकोच्या पोतीचे.

शासनाच्या पैशाचीही तीच चाल आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही रुग्णालयात दाखल झालेल्यासाठी आहे. तिने अनेक कुटुंबांस तारले आहे, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. परंतु श्वास कोंडून खाटेवर आलेल्या दमेकऱ्याचा खर्च उचलावयाचा आणि तो खाटेवर येऊच नये म्हणून लागणाऱ्या रोजच्या दोन फवाऱ्यांचा मात्र त्याचा त्याने पाहावा, हा कोणता हिशेब? १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क झाले आहेत. ते स्तुत्यच आहे. पण निःशुल्क मिळते ते फळीवर असलेले औषध. ब्युडेसोनाइडचा फवारा राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. तो प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फळीवर बारा महिने असला, आणि ‘टी. बी. नाही’ म्हटल्यावर ‘मग काय आहे?’ हा प्रश्न विचारण्याचे बंधन तेथील डॉक्टरवर असले, तर नवी इमारत, नवे पद, नवी योजना यांपैकी कशाचीही आवश्यकता नाही. क्षयाच्या वहीशेजारी दमेकऱ्यांची एक वही ठेवावी. पंप कसा ओढावा, आधी श्वास पूर्ण सोडावा, मग दाबावे, दहा अंक मोजेपर्यंत धरावे, हे पाच मिनिटांचे शिक्षण परिचारिका देऊ शकते. ज्याला ओढण्याची वेळ साधत नाही त्याला पंपापुढे लावण्याची नळी द्यावी. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर आशा कार्यकर्ती जातातच. त्यांच्या पिशवीतील प्रश्नांत रात्रीच्या धापेचा एक प्रश्न वाढवावा.

डॉक्टर मंडळींसही एक विनंती आहे. रुग्णाला दम्याचे नाव सांगण्याचे आपण टाळता. ‘ॲलर्जी आहे’, ‘छातीत कफ आहे’ अशी गोड नावे देता, कारण दमा म्हटले की रुग्ण दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. आपली अडचण आम्ही समजू शकतो. पण ज्या रोगाचे नावच ठाऊक नाही त्याचे औषध रोज कोण घेईल?

दिवाळी पंधरा दिवसांवर आली आहे. घरोघर माळे उपसले जातील, जळमटे निघतील, रंगाचे डबे उघडतील. हे काम घरची गृहिणी तरी करील किंवा तिच्याकडे कामास येणारी बाई. त्यांच्यापैकी एखादीला शिंकांची सरबत्ती सुरू झाली आणि रात्री ती अंथरुणात उठून बसली, तर ‘धुळीने होते तसे’ म्हणून विषय मिटवू नये. यावलच्या शिवारात कांदेबागेची लागवड चालू आहे आणि पहाटे गारवा जाणवू लागला आहे. खरी थंडी पडण्यास अजून महिना-सव्वा महिना आहे. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने तेवढ्या अवधीत तालुक्यातील प्रत्येक केंद्राच्या फळ्या मोजाव्यात आणि फवारे किती आहेत व कोठे नाहीत, ते जाहीर करावे. ती यादी छापण्यास आम्ही आमच्या पहिल्या पानावर जागा राखून ठेवीत आहोत.