दोन फेरे हातानं

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी आईबाबांना चोर्ला घाटानं गोव्याला जायचं होतं, माझ्या मामेबहिणीच्या साखरपुड्याला. आणि शनिवारी दुपारी आमची जुनी सँट्रो गॅरेजमध्ये बॉनेट उघडून उभी! टायमिंग बेल्ट बदलायचा होता. गाडी फार पळालेली नाही, पण पट्टा रबराचा. तो वयानंही थकतो.

खालचा क्रँकशाफ्ट पिस्टन वरखाली करतो, वरचा कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो. दोघांचा ताल हा पट्टा राखतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक, म्हणून कॅमच्या चाकाला दुप्पट दात. ताल फार चुकला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि हेड उतरवायची वेळ येते.

मिस्त्रीनं पट्टा चढवला, टेन्शनर सोडला आणि कव्हर हातात घेतलं. "काका, खुणा जुळल्यात की. चावी मारून बघूया."

बाबा उद्यमबागेत फिटर होते. ते म्हणाले, "चावी नंतर. आधी दोन फेरे हातानं."

मला ते पटलं. चावी मारून बघणं म्हणजे टेस्टिंग थेट प्रॉडक्शनवर करणं. स्टार्टर जोरात फिरवतो, मध्ये काही अडलं तर थांबत नाही. पाना हातात असला की अडलेलं हाताला कळतं. असं टणक अडलं तर जोर लावायचा नाही, तिथंच थांबायचं.

स्पार्क प्लग काढलेले होते, त्यामुळे इंजिन हलकं फिरत होतं. पाना क्रँकच्या बोल्टला लावला, कॅमच्या नाही, आणि इंजिन चालताना फिरतं त्याच दिशेनं सावकाश फिरवला. एक फेरा झाला. खालची खूण जागेवर, वरची मात्र बरोबर उलट्या बाजूला! मी ओरडलोच, "चुकलंय!" बाबा हसले. "अरे बीई, कॅमचा अर्धाच फेरा झालाय." लाज वाटली खरी.

दुसऱ्या फेऱ्यात मी खुणेच्या जरा पुढं गेलो आणि पाना मागं घ्यायला लागलो. बाबांनी हात धरला. मागं फिरवलं की ताणाच्या बाजूचा पट्टा ढिला पडतो आणि दिसतं ते खोटं असतं. पुन्हा दोन फेरे पूर्ण मारले.

आता नवीनच गोंधळ. पट्ट्यावर कंपनीनं मारलेल्या रंगाच्या रेघा भलतीकडेच गेल्या होत्या. त्याचं काही नाही. त्या रेघा फक्त चढवताना कामाच्या. पट्ट्याचे दात वेगळ्या हिशेबाचे, त्यामुळे दोन फेऱ्यांत त्या जागेवर येत नाहीत. बघायच्या त्या चाकांवरच्या खुणा. त्याही आतल्या, दातांच्या चाकावरच्या. बाहेरच्या पुलीत रबराची कडी असेल तर ती जुनी होऊन सरकू शकते.

चाकावरच्या खुणा पाहिल्या. खालची बरोबर. वरची एका दातानं मागं.

मिस्त्री वाकून बघत राहिला. ढिलाई टेन्शनरच्या बाजूला राहायला हवी होती. थोडी दुसऱ्या बाजूला राहिली होती, आणि ताण बसताच कॅम सरकला. एक दात म्हणजे किती? क्रँकच्या चाकाला 20 दात धरले तर 360 भागिले 20, म्हणजे 18 अंश. गाडी सुरू झाली असती, कदाचित नुसती थरथरली असती. घाटात मात्र चढ ओढला नसता आणि आम्ही पेट्रोलला दोष देत बसलो असतो.

मिस्त्री चांगला माणूस. हुज्जत न घालता पट्टा उतरवून पुन्हा चढवला. पुन्हा दोन फेरे, पुन्हा खुणा. या वेळी पाना मी नाही, त्यानंच मागून घेतला. दोन्ही जुळल्या. टेन्शनरचा बोल्ट पक्का केला, प्लग बसवले, कव्हर लावलं आणि मग चावी.

तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर पट्टा बदलताना कव्हर लावण्याआधी तिथं पोचा. फोनवर खुणांचा फोटो काढा, पण कॅमेरा समोरून सरळ धरून. तिरका धरला तर अर्धा दात कुठंही दिसतो. आमच्याकडे दोन फोटो आहेत. चुकलेला बाबांनी स्टेटसला ठेवला होता, मिस्त्रीला विचारून. साखरपुड्यात आईला मोदकांपेक्षा त्याबद्दलच जास्त विचारलं गेलं म्हणे.