हलका माल म्हणून हिणवू नका

कापडाच्या बाजारात 'हलका माल' हे शब्द शिवीसारखे वापरले जातात. गिऱ्हाइकाने ठाण हातात घेऊन 'हलका आहे' म्हटले की सौदा मोडल्यात जमा. पण ज्याने अस्सल मलमल विकली आहे त्याला ठाऊक असते की वजन कमी करून मजबुती राखणे हे जाड सूत भरण्यापेक्षा अवघड काम आहे. मोटारींच्या धंद्यातही हाच हिशेब आहे. आमच्या दुकानातील पोरे दोन माणसांच्या छोट्या स्पोर्ट्स कारची चित्रे मोबाईलवर पाहत बसतात आणि आम्ही वडीलधारे 'श्रीमंतांचे चोचले' म्हणून मान फिरवतो. पण ही गाडी मुळात श्रीमंतांसाठी निघालीच नव्हती.

इंग्लंडमध्ये १९५८ साली ऑस्टिन-हीली स्प्राइट बाजारात आली. इंजिन ऑस्टिनच्या साध्या घरगुती गाडीचे, स्टिअरिंग मॉरिस मायनरचे. जे भाग कारखान्यात आधीच बनत होते तेच वापरले, म्हणून पगारदार तरुणाला झेपेल असा भाव ठेवता आला. मग १९६२ साली एमजी बी आली. ती अठरा वर्षे चालली, पाच लाखांहून जास्त बनल्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा अमेरिकेत खपल्या. इथेच मालकांचे डोळे मिटले. नवीन गाडीत पैसा घातला नाही. अमेरिकेत धूर आणि सुरक्षेचे नियम कडक झाले तेव्हा १९७४ साली त्याच जुन्या गाडीला जाड रबरी बंपर चढवले आणि तिची उंची वाढवली. वजन वाढले, जोर घटला, वळणावर गाडी झुकू लागली. गळणारे तेल आणि गंज होतेच. १९८० साली ॲबिंग्डनचा कारखाना बंद पडला आणि बाजाराने निकाल दिला की हा शौक संपला.

शौक संपलेला नव्हता. त्याचा एक पुरावा इंग्लंडमध्येच आहे. कारखाना बंद झाल्यानंतर आठ वर्षांनी, १९८८ साली, एमजी बीचे कोरे सांगाडे पुन्हा बनवून विकायला सुरुवात झाली. मेलेल्या शौकासाठी कोणी असला खर्च करीत नाही.

दुसरा पुरावा जपानच्या माझदाने दिला. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात तिने एमएक्स-५ मांडली. इंजिन १६०० सीसीचे, म्हणजे बेताचेच. वजन हजार किलोच्या आत, किंमत चौदा हजार डॉलरच्या आत. इंजिनीअर हिराई यांनी घोडा आणि स्वार एकजीव असावेत, ही कल्पना समोर ठेवली होती. जोर वाढवायचा तर इंजिन मोठे, मग ब्रेक मोठे, टायर मोठे, आणि शेवटी भावही मोठा. वजन कमी केले की ही सगळी साखळी उलटी फिरते. अमेरिकेत काही विक्रेत्यांनी छापील किमतीवर पैसे घेतले, तरी रांगा हटल्या नाहीत. मग १९९५-९६ मध्ये फियाट, एमजी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, पोर्शे सगळेच दोन सीटच्या गाड्या घेऊन धावत आले. पण जर्मनांचा भाव वेगळ्याच गिऱ्हाइकासाठी होता. २०१६ साली माझदाची दहा लाखावी एमएक्स-५ बनली.

नफा मात्र फार नाही, हे कबूल करायला हवे. म्हणून २०१२ साली टोयोटा आणि सुबारू या दोघांनी मिळून एकच गाडी बनवली आणि दोन नावांनी विकली. २०१६ मध्ये फियाटने आपली १२४ स्पायडर चक्क माझदाच्या हिरोशिमातील कारखान्यात बनवून घेतली. ताणा एकाचा, बाणा दुसऱ्याचा. आमच्यात शेजारी-शेजारी बसणारे दोन दुकानदार एकत्र माल मागवायला तयार होत नाहीत, ते सोडा.

आपल्याकडे १९९८ साली गोव्यात बनलेली फायबर बॉडीची सॅन स्टॉर्म आली होती. ती फार चालली नाही. एकाच गाडीत सगळे घर बसवायचे असते तिथे दोन सीटची गाडी कोण घेणार? त्यात करही आडवा येतो. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला अठरा टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या गाडीला चाळीस. आजची एमएक्स-५ लांबीला चार मीटरच्या आत बसते, पण तिचे सर्वांत लहान इंजिनही १५०० सीसीचे. एवढ्यासाठी हलकी गाडी जड गाड्यांच्या रांगेत जाते.

हे सगळे आम्ही का लिहितो? कारण एमजीवाल्यांची चूक आम्हीही केली आहे. पेढी हाती आल्यावर आम्ही मलमलीचा भाव दाबत गेलो. विणकराने इंचातले धागे कमी केले, कपडा दोन धुण्यांत विरू लागला, गिऱ्हाईक गेले. आणि आम्ही गादीवर बसून सांगत राहिलो की लोकांची आवड बदलली, आता पॉलिएस्टरचा जमाना आहे. यंदा मलमलीचा कप्पा पुन्हा लावला आहे. त्याच विणकराचा मुलगा पूर्वीइतके धागे घालायला तयार झाला, भाव मात्र मीटरमागे चार रुपये जास्त मागतो. या वेळी आम्ही घासाघीस केली नाही.